मोबाइलची पाणसळ: गच्चीचा ढाळ आणि सोलर स्टँडचा कोन (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी २०२५, शनिवार

जागा: पुणे, तीन मजली इमारतीची गच्ची. कामं दोन. एक, पाणी तुंबणाऱ्या गच्चीचा ढाळ मोजून नव्या कोब्याची जाडी ठरवणं. दोन, त्याच गच्चीवर सोलर पॅनलचे स्टँड ठरलेल्या कोनात बसवणं. हाताशी नळीची लेव्हल, ओळंबा, गुण्या, दोन फुटी पाणसळ आणि टेप आहेच. कोन मोजायला वेगळं यंत्र न घेता मोबाइल कितपत चालतो, हे कामासोबत तपासायचं आहे.

सुरुवातीला कोनाचे मिलिमीटर करून घेतले, कारण मिस्त्री अंशात बोलत नाही. १ अंश म्हणजे मीटरला १७.५ मिमी. अर्धा अंश म्हणजे ८.७ मिमी. अंशाचा दहावा भाग म्हणजे पावणेदोन मिमी. गच्चीला १०० ला १ ढाळ हवा, म्हणजे मीटरला १० मिमी, कोनात ०.५७ अंश. फक्त पूर्ण अंश दाखवणारं ॲप या कामाला निरुपयोगी आहे. ढाळ बरोबर असला तरी ते १ दाखवेल आणि ढाळ जेमतेम निम्मा असला तरी कधी ० दाखवेल. आयफोनच्या ‘मेजर’ ॲपमधली लेव्हल अशी पूर्ण अंशांतच आकडा देते. भिंतीवर फोटो लावायला ठीक, ढाळाला नाही.

तुलनेसाठी: चांगल्या पाणसळीची अचूकता मीटरला अर्धा मिमी, म्हणजे सुमारे ०.०३ अंश असते. ‘सपाट आहे का’ एवढाच प्रश्न असेल तर काचेतला बुडबुडा मोबाइलला सहज हरवतो. मोबाइलचा उपयोग ‘किती कलला आहे’ हे आकड्यात कळण्यासाठी.

५ जानेवारी, रविवार

फोनमध्ये कोन मोजणारा भाग म्हणजे प्रवेगमापक. सिलिकॉनचं एक सूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगवर टांगलेलं असतं. फोन कलला की ते वजन सरकतं, विद्युत धारिता बदलते, आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण फोनच्या कुठल्या बाजूला किती पडतंय ते कळतं. फोनमधल्या या चिप्सच्या माहितीपत्रकात शून्यातला फरक साधारण २० ते ४० मिली-जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाला एक मिली-जी म्हणतात) लिहिलेला असतो. १ मिली-जी म्हणजे ०.०५७ अंश, म्हणजे २० मिली-जीला १ अंशाहून जास्त चूक. कंपनी जोडणी करताना त्यातला बराच भाग सुधारून देते, तरी उरलेला भाग प्रत्येक फोनचा वेगळा असतो.

आज स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइट ओट्यावर दोन फोन तपासले. पद्धत जुनीच, पाणसळ तपासायची: जागेवर पेन्सिलने खूण करायची, आकडा लिहायचा, फोन त्याच खुणेत १८० अंशांत फिरवून ठेवायचा, पुन्हा आकडा लिहायचा. उजवी बाजू वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे, ही खूण दोन्ही वेळा फोनच्या स्वतःच्या उजवीकडूनच धरायची.

पहिला फोन: +०.९ आणि −०.३. वजाबाकीचं निम्मं ०.६, हा ओट्याचा खरा कल. बेरजेचं निम्मं ०.३, ही फोनची चूक.

दुसरा फोन: +१.७ आणि +०.५. कल पुन्हा ०.६, चूक १.१.

दोन फोनच्या पहिल्या आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक होता, तरी उलटसुलट केल्यावर ओट्याचा कल दोघांनी एकच सांगितला. ओटा सिंककडे मीटरला १० मिमी उतरतो. पाणी वाहून जावं म्हणून तो तसाच बसवलेला असतो.

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ॲपमध्ये ‘कॅलिब्रेट’ किंवा ‘शून्य करा’ असं बटण असतं. ते ओट्यावर, टेबलावर किंवा फरशीवर ठेवून दाबलं की त्या जागेचा कल फोनमध्ये पक्का बसतो आणि पुढची सगळी मापं तेवढ्यानं वाकडी येतात. आधी उलटसुलट करून चूक काढावी, मगच तेवढी वजा करावी. ॲप दोन बाजूंनी ठेवून कॅलिब्रेट करायला सांगत असेल तर ते ॲप बरोबर वागतंय.

शिवाय पाठीवर ठेवलेल्या फोनची दुरुस्ती कडेवर उभ्या फोनला लागू होत नाही. तिथे वेगळा अक्ष काम करतो. दोन्हींची चूक वेगवेगळी काढावी लागते.

७ जानेवारी, मंगळवार

फोन पाठीवर ठेवून मोजणं आजपासून बंद. कॅमेऱ्याचा फुगवटा २ मिमी, आणि तिथून फोनच्या दुसऱ्या टोकापर्यंत १३ सेंमी. एवढ्यानेच ०.९ अंश कल येतो. हा कल कायम तेवढाच राहिला असता तर उलटसुलटीत निघून गेला असता. पण कॅमेरा एका कोपऱ्यात असल्याने फोन डुगडुगतो, बोट लावलं की टेकणारा कोपरा बदलतो, आणि डुगडुग काही वजा होत नाही. मऊ कव्हरचीही तीच अडचण.

म्हणून बैठक तयार केली. सामान: १८ मिमी प्लायचा तुकडा २०० × ६० मिमी, २५ × २५ × ३ मिमीचा ॲल्युमिनियम अँगल २०० मिमी लांब, चार स्क्रू, दोन जाड रबरबँड. अँगल प्लायवर अशा रीतीने बसवला की त्याची एक बाजू आडवी आणि दुसरी फोनच्या पाठीला आधार. फोन कव्हर काढून, बटणं नसलेल्या लांब कडेवर आडवा उभा केला आणि रबरबँडने अँगलला आवळला. कॅमेऱ्याचा फुगवटा अँगलच्या वर राहतो का ते आधी पाहावं. राहत नसेल तर अँगलला तिथे खाच मारावी.

खाली १ मीटरची पट्टी: प्लास्टरच्या कामातला ५० × २५ मिमी ॲल्युमिनियम सेक्शन. तिच्या तळाला बरोबर १००० मिमी अंतरावर ८ मिमीचे दोन डोम नट बसवले. पट्टी पूर्ण तळावर टेकवली तर एखादा वाळूचा कण तिला उचलून धरतो आणि आकडा भलताच येतो. दोन गोल टोकांवर टेकली की कोणत्या दोन बिंदूंमधला ढाळ मोजतोय हे पक्कं असतं. पाय दोनच असल्याने पट्टी बाजूला कलू शकते, तेव्हा हात हलका धरून ती उभी ठेवायची. बैठक पट्टीच्या मध्यावर, स्क्रूने कायमची.

पट्टी वाकलेली आहे का, हे पाहायला दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीच्या कडेने रेघ मारली, पट्टी पालथी करून त्याच टोकांवर दुसरी रेघ मारली. दोन रेघांमध्ये मध्यावर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मा बाक. आपल्या पट्टीत फट १ मिमीपेक्षा कमी. चालेल.

वाचन: फायफॉक्स हे ॲप वापरतोय. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी केलेलं, फुकट. त्यात कलाचा तयार प्रयोग आहे आणि तिन्ही अक्षांचा कच्चा प्रवेगही दिसतो. त्यातली आपल्याला सर्वांत उपयोगी सोय म्हणजे फोनवरचा आकडा त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये दिसतो. मोजणाऱ्या फोनला हात लावावा लागत नाही, त्यावर वाकून बघावंही लागत नाही. १० सेकंदांची सरासरी घ्यायची. एकेक क्षणाचा आकडा अंशाच्या दहाव्या भागाने इकडेतिकडे होत राहतो.

फोन फ्लाइट मोडवर, वाय-फाय तेवढं चालू, स्क्रीन फिरणं बंद. मोजताना कॉल आला आणि फोन थरथरला तर ते वाचन टाकून द्यावं. शेजारी ग्राइंडर चालू असताना मोजू नये.

बैठक व पट्टी मिळून चूक: −०.४ अंश. एकाच जागी पाच वेळा उचलून ठेवून पाहिलं, पाचही वाचनं ०.०५ अंशाच्या आत.

८ जानेवारी, बुधवार

उलटसुलट केल्याने शून्य बरोबर होतो, पण १८ अंश म्हणजे खरंच १८ आहेत का हे त्यातून कळत नाही. दोन अक्षांची मोजपट्टी एकसारखी नसेल तर कोन वाढत जाईल तशी चूक वाढते, ४५ अंशांवर सर्वांत जास्त होते आणि ९० कडे पुन्हा शून्यावर येते.

तपासणी: पट्टीच्या पायांमध्ये १००० मिमी आहेतच. एक पाय जमिनीवर, दुसरा पाय प्लायच्या तुकड्यांवर ठरावीक उंचीला. उंची भागिले १००० म्हणजे कोनाची ज्या, म्हणजे साइन. जमीन सपाट आहे ना, हे नळीने आधी पाहिलं.

१०० मिमी उंची: खरा कोन ५.७४, फोन ५.८
२०० मिमी: ११.५४, फोन ११.६
३१७ मिमी: १८.४८, फोन १८.६
५०० मिमी: ३०.०, फोन ३०.२
७०७ मिमी: ४५.०, फोन ४५.२

दोन अक्षांमध्ये सुमारे ०.८ टक्के फरक आहे. ढाळाच्या कामाला याने काही बिघडत नाही. स्टँडच्या १८.५ अंशांना ०.१४ वजा करायचे. हा आकडा या एका फोनचा आहे, दुसऱ्या फोनला हाच लावू नये.

३१७ मिमीची उंची मुद्दाम घेतली. पुण्याचा अक्षांश १८.५, आणि त्याची साइन ०.३१७. वर्षभर एकाच कोनात राहणाऱ्या पॅनलला अक्षांशाइतका कल देण्याची रीत आहे, म्हणजे स्टँडसाठी हाच कोन लागणार.

११ जानेवारी, शनिवार

गच्चीची मापं. पावसाळी पाण्याच्या तोंडापासून समोरच्या कठड्यापर्यंत ६ मीटरची लाइनदोरी, दर मीटरला खडूची खूण. उंच बाजूकडून तोंडाकडे, प्रत्येक मीटरला पट्टी उलटसुलट करून दोन वाचनं. त्यातून आलेला कल:

०.६, ०.६, ०.५, ०.२, −०.१, ०.४

मिलिमीटरमध्ये १०.५, १०.५, ८.७, ३.५, −१.७, ७. पाचव्या मीटरला ढाळ उलटा आहे. कोब्यावर शेवाळाचा काळा गोल डागही नेमका तिथेच आहे.

बेरीज ३८.५ मिमी. नळीने दोन टोकांची पातळी घेतली तर फरक ४१ मिमी. अडीच मिमीची तफावत, आणि ती दशांशापर्यंत गोल केलेल्या आकड्यांत सहज येते. खरं माप नळीचंच धरायचं. लांब अंतराला नळीची चूक मिमी-दोन मिमीच्या पुढे जात नाही, मोबाइलची मात्र मीटरमागे साठत जाते.

ती किती साठते ते मांडून पाहिलं. बैठकीची −०.४ ची चूक काढली नसती तर मीटरला ७ मिमी, ६ मीटरला ४२ मिमी. म्हणजे सबंध गच्चीचा ढाळच त्या चुकीत गडप झाला असता आणि वर सपाट गच्ची कागदावर आली असती. मोबाइलने घेतलेल्या ढाळाच्या मापावर ‘उलटसुलट केलं’ असा शेरा नसेल तर ते माप वापरू नये.

नळीबद्दल: १० मिमी आतला व्यास असलेली पारदर्शक नळी, पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून तोंडाने ओढून घ्यावं, वरून ओतू नये, म्हणजे हवा अडकत नाही. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दोन टोकांतलं पाणी एका पातळीला येत नाही. मापापूर्वी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघणं, हे नळीचं उलटसुलट करणं.

ठरलं: दोन टोकांच्या पातळ्या नळीने बांधायच्या, १०० ला १ प्रमाणे फरक ६० मिमी. उंच बाजूला १९ मिमी चढवायचे. मधले मालाचे ठिपके लाइनदोरीने, आणि मिस्त्री रंधा मारत असताना प्रत्येक मीटरला मोबाइलची पट्टी. ओल्या कोब्यावर डोम नट रुततात, म्हणून पायांखाली १०० × १०० मिमी टाइलचे दोन सारखे तुकडे.

१२ जानेवारी, रविवार

उन्हाचा परिणाम. सकाळी ८ ला चूक −०.४. फोन दुपारी दीडपर्यंत गच्चीवर पट्टीवरच राहिला, पाठ हाताला चांगलीच गरम लागत होती. त्या वेळी चूक −०.२५. मीटरला अडीच मिमीहून जास्त फरक निव्वळ तापण्याने. सावलीत अर्ध्या तासात आकडा पुन्हा −०.४ कडे आला.

यापुढे गच्चीवरची मापं सकाळी १० च्या आत. प्रत्येक जागी उलटसुलट घेतलं तर सरकलेला शून्य आपोआप निघून जातो, तेव्हा घाईतही तेच करायचं. दुरुस्तीचा सकाळचा आकडा दिवसभर वापरायचा नाही.

१८ जानेवारी, शनिवार

कोबा झाला, पाण्याने भरून पाहिला, पाणी कुठे थांबत नाही. आज स्टँडचे पहिले दोन सांगाडे उभे.

राफ्टरवर, म्हणजे पॅनल ज्यावर टेकतं त्या तिरप्या पाइपवर, दोन आधारांमध्ये २००० मिमी. १८.५ अंशांना पुढच्या-मागच्या पायांच्या उंचीत ६३५ मिमी फरक हवा: पुढचा पाय ६००, मागचा १२३५. फॅब्रिकेटरने बरोबर कापले आहेत. मोबाइल राफ्टरवर ठेवून, उलटसुलट करून: १८.१, दुरुस्तीनंतर १८.०. अर्धा अंश कमी.

कारण पायांत नाही, गच्चीत आहे. मागच्या बाजूला, उत्तरेकडे, कोब्याला १०० ला १ ढाळ. पायांच्या १.९ मीटर आडव्या अंतरात गच्ची १९ मिमी खाली जाते, तेवढा मागचा पाय बुडतो. ६१६ भागिले १८९७, कोन १८.०. आकडा तंतोतंत जुळला.

वीजनिर्मितीला अर्ध्या अंशाने काहीच फरक पडत नाही, त्यासाठी कोणी पाय बदलू नये. प्रश्न सांगाड्यांच्या आपसातल्या फरकाचा आहे. दुसरा सांगाडा गच्चीच्या जुन्या सपाट पट्ट्यावर आहे, त्याचा कोन १८.६. दोन सांगाड्यांवर एकच पॅनल आडवं येणार. २ मीटर लांबीला ०.६ अंश म्हणजे एका कोपऱ्यात २१ मिमीचा पीळ, आणि क्लॅम्प आवळले की तो पीळ काचेवर जातो. काच त्या दिवशी फुटत नाही, पण कायमची ताणाखाली राहते.

उपाय: पहिल्या सांगाड्याच्या मागच्या बेसप्लेटखाली लोखंडी पॅकिंग देऊन उंची १९ मिमीने वाढवली, वाचन १८.६, दुरुस्तीनंतर १८.५. अँकर बोल्ट हलके आवळून पुन्हा वाचन, मग पूर्ण आवळून पुन्हा. आवळताना ०.१ ने सरकला. प्लेटखालची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची, नुसत्या पॅकिंगवर सोडायची नाही.

मोजताना लक्षात घ्यायची गोष्ट: राफ्टरच्या चौकोनी पाइपच्या कडा गोलसर असतात, बैठक कडेला सरकली की फोन पुढे किंवा मागे झुकतो. सपाट जागेवर या झुकण्याने काही होत नाही, पण १८.५ अंशांवर फोन १० अंश झुकला तर आकडा पाव अंशाहून जास्त वाढतो. ३ अंशांपर्यंत झुकला तर फरक फक्त ०.०२. डोळ्याने उभा दिसला की पुरे.

२५ जानेवारी, शनिवार

दक्षिण दिशा. फोनचं होकायंत्र स्टँडजवळ धरल्यावर १४ अंश चुकीचं दाखवत होतं, तिथून ३ मीटर दूर नेल्यावर ३ अंश. जीआय पाइप, कठड्यातली सळई, फोनच्या कव्हरातलं चुंबक, सगळ्यांचा परिणाम त्यावर होतो. प्रवेगमापकाला चुंबकाने काही होत नाही, म्हणून कल बरोबर आणि दिशा चूक, असं एकाच फोनमध्ये होऊ शकतं.

दिशा ओळंब्याने घेतली. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, पुणे ७३.८६ वर. ८.६४ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३४.६ मिनिटं. जानेवारीच्या या दिवसांत सूर्य घड्याळाच्या आणखी १२ मिनिटं मागे असतो. म्हणून आजचा खरा मध्यान्ह १२ वाजून ४७ मिनिटांनी. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली जिथे पडली तिथे खडूने रेघ मारली: हीच खरी उत्तर-दक्षिण. एक मिनिट इकडेतिकडे झालं तर रेघ ०.४ अंशाने चुकते, स्टँडला ते चालतं. दोरी वाऱ्याने हलत होती, वजन पाण्याच्या बादलीत बुडवल्यावर स्थिर झाली.

२६ जानेवारी, रविवार

शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आग्नेयेला. तिची सावली पॅनलवर किती वेळ राहील?

फोनच्या वरच्या लांब कडेला शीतपेयाची सरळ स्ट्रॉ चिकटवली, पॅनलच्या खालच्या कडेच्या उंचीवरून टाकीचं वरचं टोक स्ट्रॉमधून पाहिलं, आकडा दुसऱ्या फोनवर वाचला. तीन वेळा मोजून २७ अंश. स्ट्रॉमधून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही.

२१ डिसेंबरला पुण्यात सकाळी ९ वाजता सूर्य २३ अंश उंचीवर, उत्तरेपासून १२७ अंशांवर असतो. टाकी त्याच दिशेला आहे. सूर्य २७ अंशांवर यायला साधारण ९ वाजून २० मिनिटं होतात. तोवर पूर्वेकडची दोन पॅनल सावलीत. हातात धरून मोजताना १ अंश चूक गृहीत धरावी, तिचा अर्थ इथे पाच-सहा मिनिटं. ओळ पश्चिमेला सरकवण्याइतकं नुकसान नाही, पण ही दोन पॅनल एका स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या साखळीत) एकत्र ठेवायला सांगितलं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

गच्चीचं पाणी खालच्या शोषखड्ड्याकडे नेणारा ११० मिमीचा आडवा पीव्हीसी पाइप. ८० ला १ ढाळ, ०.७२ अंश. गोल पाइपवर बैठक ठरत नाही, म्हणून पट्टीऐवजी ३०० मिमीचा अँगल पालथा ठेवला, त्याचा कोन पाइपवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो. कॉलरजवळ मोजायचं नाही, अँगलचं एक टोक कॉलरवर चढलं की ढाळ दुप्पट-तिप्पट दिसतो.

वाचनं, उलटसुलट करून: ०.७, ०.७, ०.३, ०.८. तिसऱ्या भागात दोन क्लॅम्पमधलं अंतर जास्त असल्याने पाइप मध्ये झोळला आहे. तिथे आणखी एक क्लॅम्प लावून पुन्हा मोजलं: ०.७.